डालड्याच्या डब्यातलं लोखंड

मशीनच्या शेडमध्ये स्टार्टरच्या वर एक फळी होती आणि फळीवर डालड्याचा मोठा डबा. लाकडातून निघालेलं लोखंड त्या डब्यात टाकायचं, हा बाबांचा नियम. १९८६ साली मशीन सुरू झाली त्याच महिन्यात पहिला खिळा त्यात पडला. २०१४ साली शेड उतरवली तेव्हा तो डबा एका हाताने उचलत नव्हता. मधल्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. चिराईच्या, उधारीच्या, आवक-जावकीच्या. नफा-तोटा सगळा त्यांत सापडतो, पण चुका कोणी वहीत लिहीत नाही. त्या डब्यात होत्या, मिस्त्रीच्या शिव्यांत होत्या आणि एक माझ्या डाव्या हाताच्या बोटावर आहे.

अंजनगाव सुर्जीचं नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते इतिहासाच्या पुस्तकातून. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी इथे तह झाला. थोडं जास्त माहीत असलेल्याला पानमळे आणि पानपिंपरी आठवते. लाकडासाठी मात्र नाव परतवाड्याचं. मेळघाटचा साग तिथल्या डेपोत उतरतो, लिलाव तिथे होतात. आमची आपली छत्तीस इंची चाकाची, वीस अश्वशक्तीच्या मोटरीवर चालणारी एक आरामशीन. एक मिस्त्री, ट्रॉली ढकलायला दोन पोट्टे आणि गल्ल्यावर बाबा नाहीतर मी. सागाचा ओंडका महिन्यातून चार-सहा वेळा यायचा. बाकी सारं वावराच्या धुऱ्यावरचं: कडुनिंब, बाभूळ, चिंच, आंबा. शेतकरी बंडीत घालून आणायचा, चौकटी, फळ्या, वखराचं सामान कापून घ्यायचा आणि चिराई देऊन, किंवा न देता, जायचा.

घोळ होता तो या धुऱ्यावरच्या झाडांत. जंगलातलं झाड माणसापासून लांब वाढतं. धुऱ्यावरचं झाड म्हणजे खुंटी, कुंपण आणि दावण सगळं एकच. त्याला काटेरी तार गुंडाळतात, बैल बांधायला कडी ठोकतात, कंदिलासाठी खिळा मारतात. मग साल त्यावर चढते आणि काही वर्षांत लोखंड दिसेनासं होतं. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, त्यामुळे खिळा ठोकला होता त्याच उंचीवर राहतो, फक्त आत आत जातो. म्हणून बुंध्याकडचे पाच-सहा फूट मिस्त्री हात फिरवून, कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहायचा. बाभळीच्या बाबतीत आणखी एक खूण होती. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ते तिच्यातल्या टॅनिनमुळे. तेच टॅनिन लोखंडाला लागलं की लाकूड शाईसारखं निळं-काळं पडतं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला की थांबायचं, तासून पाहायचं, लोखंड काढायचं आणि मग मशीनवर चढवायचं. हे सगळं मला पाठ होतं.

तरी एका उन्हाळ्यात चुकलो. मिस्त्रीने एका ओंडक्यावरच्या डागावर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, हे काळं पाह्यलं का? आत काही तरी असन." शेतकरी शेजारीच उभा होता. "कशाचं असन बाप्पा! माह्या आज्यानं लावेल झाड आहे थे." आज्याने लावलेल्या झाडात लोखंड नसतं असा काही कायदा नाही, पण त्या दिवशी मला तो पटला. मागे तीन बंड्या उभ्या होत्या, ऊन डोक्यावर होतं. "चालवा," मी म्हणालो. तिसऱ्या कापाला आवाज बदलला. आरामशीनवर माणूस लाकूड कानाने ओळखायला शिकतो. वाळलेला निंब एका सुरात कापला जातो, ओला आंबा घरघरतो, आणि लोखंड लागलं की एकच लहानसा टिंग होतो. पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही. मिस्त्री ट्रॉली सोडून भिंतीला चिकटला, पोट्टे बाहेर. बावीस फुटांची करवतीची पट्टी तुटून अर्धी खड्ड्यात, अर्धी ओंडक्यावर. दाते सोललेले. आतून निघाली ती बैल बांधायची कडी, मनगट जाईल एवढी, अख्खी.

शेतकऱ्याने ती हातात घेऊन धोतराने पुसली आणि खिशात घालू लागला. बाबा गल्ल्यावरून उठून आले. "पट्टीचे पैसे देता का?" तो गप्प. "मंग कडी डब्यात." गावाचं नाव तहाशी जोडलेलं असल्यामुळे असेल, आमच्याकडची भांडणं बहुधा अशीच मिटायची: दोघांचंही थोडं नुकसान आणि मध्ये चहा.

चिंचेच्या एका ओंडक्यात अकरा खिळे निघाले होते, एकाच उंचीवर, गोल फेरीत. कोणाच्या तरी अंगातलं काही तरी त्या झाडाला कधी काळी बांधून ठेवलं असणार. मिस्त्री दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी लिंबू घेऊन आला, चाकावर पिळलं आणि कामाला लागला. ते खिळे तेवढे डब्यात टाकायला कोणी हात लावेना; बाबांनीच टाकले.

लोखंडाचं निदान असं की दोष झाडावर ढकलता येतो. मोजमापाच्या चुका आपल्या असतात. गोल लाकूड आमच्याकडे घनफुटात मोजतात: घेर इंचात घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि एकशे चव्वेचाळीसने भागायचं. अठ्ठेचाळीस इंच घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे दहा घनफूट. खरं भूमितीने मोजलं तर तो पावणेतेराच्या आसपास भरतो. साल आणि पाठीचे तुकडे जाणार म्हणून या धंद्याने ती सूट आधीच देऊन ठेवली आहे. गल्ल्यावर पहिल्यांदा एकटा बसलो त्या आठवड्यात मी नेमकं चारने भागायचं विसरलो. वहीत लिहिलं: एकशे साठ घनफूट. बाबांनी संध्याकाळी वही पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. "एवढं मोठं झाड मेळघाटात तरी आहे का रे?"

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. बारा इंचाच्या चौरस लाकडातून एक इंची फळ्या किती? बारा, असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि पोट्टाही मान डोलावतो. पण पट्टी प्रत्येक कापाला आपला वाटा खाते. आमच्या पट्टीला तो साधारण एक सूत होता, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारा इंच म्हणजे शहाण्णव सूत. फळी आठाची, कापाचं एक, असे नऊ-नऊ जात राहिले की दहा फळ्या पुऱ्या होतात आणि हातात सहा सुताची एक बारकी पट्टी उरते. मी हे न सांगता एका घरबांधणीवाल्याला बारा फळ्यांचा शब्द दिला. उरलेल्या दोन फळ्या कुठे गेल्या याचं उत्तर तो अजून मागतो आहे. भेटला की हसून विचारतो, "भाऊ, माह्या दोन फळ्या?" भुशाकडे बोट दाखवलं तरी त्याला पटत नाही.

पट्टीच्या तऱ्हा वेगळ्याच. दाते खाली पाहात असायला हवेत, कारण पट्टी लाकडातून खाली जाते. पण पट्टी गुंडाळून ठेवताना उलटी वळली, आतली बाजू बाहेर झाली, की दाते वर तोंड करून बसतात. चाकावर चढवली तर ती फिरते झकास, कापत काही नाही. एकदा नव्या पोट्ट्याने तशी चढवली. ओंडका ढकलतो आहे, घाम गाळतो आहे, लाकडातून धूर निघतो आहे, आणि तो म्हणतो, "लय कडक लाकूड आहे ना मिस्त्री." मिस्त्रीने मशीन बंद केली, त्याला जवळ बोलावलं आणि दात्यांवर त्याचं बोट उलटसुलट फिरवून दाखवलं. हाच प्रकार विजेच्या तारा उलट्या जोडल्यानेही व्हायचा. लाइनीवर दुरुस्ती झाली, दोन फेज अदलाबदल झाले, की मोटर उलटी फिरते. दुरुस्तीनंतर पट्टी न चढवता मोटर आधी मोकळी फिरवून पाहायची, एवढंच करायचं असतं. आम्ही ते दर वेळी करायचो, एक वेळ सोडून.

आणि संध्याकाळी पट्टी ढिली करणं. दिवसभर कापून पट्टी तापते, लांबते, म्हणून ताण वाढवत न्यावा लागतो. रात्री ती थंड होऊन आखडते. ताण तसाच राहिला तर दात्यांच्या मुळाशी केसाएवढा तडा जातो, जो सकाळी दिसत नाही आणि दुपारी पट्टी घेऊन जातो. पौषाच्या थंडीत हमखास. वरच्या चाकाचा ताण सोडायला अर्धा मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटापायी आम्ही किती पट्ट्या झाळायला दिल्या, त्याचा आकडा मी मुद्दाम काढलेला नाही.

माझं बोट गेलं ते भारनियमनाच्या दिवसांत. २००५ नंतरची काही वर्षं वीज कधी येते आणि कधी जाते यावर आमचं जेवणही ठरायचं. दुपारी कापता कापता वीज गेली की मोटरीचा आवाज बंद पडतो. शेडमध्ये एकदम शांतता. इतका वेळ ऐकू न आलेल्या चिमण्या ऐकू येतात, रस्त्यावरचा रिक्षावाला ऐकू येतो. माणसाला वाटतं, मशीन थांबली. पण ती लोखंडी चाकं जड असतात, ती आपल्या वजनाने फिरत राहतात. लाकूड समोर नसेल तर पट्टी काहीच आवाज न करता पळत असते, आणि पळणारी पट्टी एखाद्या गुळगुळीत पत्र्यासारखी स्थिर दिसते. पट्टीच्या मार्गाजवळ भुशाचा गोळा अडकला होता. तो काढायला मी हात घातला. दुखलं नाही. आधी बोटाच्या टोकाला गार वारा लागल्यासारखं झालं, मग पट्टीवर लाल रेघ दिसली, आणि मिस्त्रीने माझं मनगट धरून वर केलेलं होतं. डाव्या तर्जनीचं पाव पेर गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वीज चालू होती का?" मी म्हणालो, "नाही, गेली होती म्हणून तर." त्यांना ते वाक्य कळलं नाही. वीस वर्षं चालू मशीनच्या बाजूने फिरताना मला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर वीज गेली की मिस्त्री एका हाताने सगळ्यांना मागे सारायचा आणि चाकाच्या कडेला फळीचा तुकडा टेकवून धरायचा. फळी कुरकुरायची थांबली की मगच हात.

मोटरही त्याच काळात जळाली. कमी दाबाच्या विजेत स्टार्टर सारखा पडायचा, म्हणून कोणीतरी बटनात आगपेटीची काडी खोचली. कोणी खोचली ते सगळ्यांना माहीत आहे आणि तो हा लेख लिहितो आहे. स्टार्टर पडत होता तो मोटर वाचवण्यासाठी. एक दिवस तीनातला एक फेज उडाला, मोटर गुरगुरली, आणि काडीमुळे स्टार्टर पडला नाही. जळलेल्या वार्निशचा तो गोडसर वास महिनाभर शेडमधून गेला नाही.

कागदाच्या चुका मशीनपेक्षा महाग पडल्या. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि देशभरच्या आरागिरण्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने तर न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या परवानगीशिवाय नवी आरागिरणी सुरू करणंच बंद झालं. म्हणजे आमच्यासारख्यांचा जुना परवाना हा मशीनपेक्षा मोलाचा कागद झाला. अशा दिवसांत मी आवक नोंदवहीत आळस केला. 'जात' या रकान्यात वर 'साग' लिहिलेलं होतं. त्याखाली निंबाचे चौदा ओंडके नोंदवताना मी प्रत्येक ओळीत दोन टिंबं मारून 'वरीलप्रमाणे' केलं. तपासणीला आलेले साहेब शांतपणे म्हणाले, "पंधरा साग. वाहतूक परवाने दाखवा." ओंडके समोर पडलेले, चव घेऊन पाहिली तरी कडू लागतील असे. पण वहीत साग होता. तो निंब आहे हे सिद्ध करायला माझे अठरा दिवस गेले, आणि तेवढे दिवस मशीन बंद. दोष माझ्या टिंबांचाच.

सगळ्या चुका वाया गेल्या असं नाही. चुकीच्या मापाने कापलेली लाकडं कोपऱ्यात साठायची. श्रावण सरत आला की मिस्त्री त्यातून तान्ह्या पोळ्यासाठी छोटे बैल काढायचा. गल्लीतल्या पोरांना ते फुकट. एका वर्षी माझ्या चुका जास्त झाल्या असाव्यात, कारण पोट्ट्यांनी मला येऊन विचारलं, "भाऊ, यंदाही चुकजा ना."

मशीन बंद पडली ती कुठल्या अपघाताने नाही. चौकटी सिमेंटच्या आणि लोखंडाच्या झाल्या, संत्री लाकडी पेट्यांतून प्लास्टिकच्या क्रेटात गेली, वखराला लोखंड आलं, बंडीच्या जागी ट्रॅक्टर. शेवटच्या वर्षी आम्ही आठवड्यातून दोनच दिवस पट्टी चढवत होतो. चूक करायलाही काम लागतं.

शेड उतरवली त्या दिवशी भंगारवाला आला. चाकं, रूळ, ट्रॉली, मोटर, सगळं त्याने काट्यावर चढवलं. शेवटी मी डालड्याचा डबा त्याच्यासमोर उलटा केला. खिळे, तारेचे तुकडे, कड्या, नाल, स्क्रू, आणि प्रत्येकाला चिकटलेली लाकडाची ढलपी. त्याने एक कडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ढिगात टाकली.

"हे नाही घेत भाऊ. लाकूड आहे याच्यात. काढून आणा."

मिस्त्री बाजूलाच उभा होता. तो हसत हसत काट्यावरच बसला.