विश्लेषण : गॅसऐवजी कोळशाचा बंब पेटवला, तर पोलादपूरच्या घरात खरंच पैसे वाचतात का?

पावसाळा तोंडावर आला की पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर सिलिंडरचा हिशेब सुरू होतो. सावित्रीच्या खोऱ्यातली बरीचशी घरं डोंगरउतारावर आहेत. घाटात दरड आली किंवा वाडीचा रस्ता खचला की गाडी वर येत नाही. मग आहे तो सिलिंडर स्वयंपाकासाठी राखून ठेवायचा आणि आंघोळीच्या पाण्याची दुसरी सोय बघायची, असं ठरतं. माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब अशा वेळी खाली येतो. कोणी लाकूड घालतो, कोणी बाजारातून कोळशाचं पोतं आणतो.

त्यातच ‘कोळशाची शेगडी लावा, गॅसचं बिल निम्मं करा’ अशा धाटणीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्यातले बरेच थंड देशांतले असतात. तिथे घर तापवायचं असतं, इथे बादली. तरीही प्रश्न रास्त आहे. कोळशाने पैसे वाचतात का?

आंघोळीच्या पाण्याला किती गॅस जातो?

चार माणसांचं घर धरू. प्रत्येकी २० लिटरची एक बादली, म्हणजे रोज ८० लिटर पाणी. नळाचं पाणी २२ अंशांचं आणि आंघोळीचं ४२ अंशांचं, म्हणजे २० अंशांनी तापवायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने रोजची गरज ६.७ मेगाज्यूल होते. विजेच्या भाषेत ती दोन युनिटपेक्षा थोडी कमी भरते.

एक किलो एलपीजीमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते, पण ती सगळी पाण्यात उतरत नाही. घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, असं भारतीय मानक सांगतं. जुना बर्नर, झाकण नसलेलं पातेलं आणि खिडकीतून येणारा वारा धरला तर ६० टक्के हा आकडा घरातल्या वास्तवाच्या जवळ जातो. म्हणजे रोज पाव किलोच्या आसपास आणि महिन्याला ७.३ किलो गॅस. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. अर्धा सिलिंडर नुसत्या आंघोळीला जातो!

८ एप्रिल २०२५ रोजी ५० रुपयांची वाढ झाल्यावर मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. हाच भाव धरला तर गॅस किलोला ६० रुपये पडतो आणि आंघोळीचा महिन्याचा खर्च साधारण ४४० रुपये होतो. उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबाला सिलिंडरमागे ३०० रुपयांचं अनुदान मिळत असेल, तर हाच खर्च २८५ रुपयांवर येतो. बादलीत सोडायच्या विजेच्या हीटरला महिन्याला ५९ युनिट लागतात. सगळे आकार धरून युनिट सात रुपयांना पडत असेल तर ४१३ रुपये. मात्र घराचा एकूण वापर १०० युनिटच्या वर गेला की वरच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो आणि हीटर गॅसपेक्षा महाग ठरतो.

मग कोळसा किती लागेल?

इथे कोळसा म्हणजे लाकडी कोळसा. दगडी कोळसा चंद्रपूर, वणी, नागपूरकडच्या खाणींचा. त्या भागात तो घरगुती शेगडीतही जळत आला, पण कोकणातल्या घरांपर्यंत त्याची वाट कधी नीट झाली नाही. गिरणगावातल्या चाळीत राहिलेल्या महाड-पोलादपूरच्या जुन्या चाकरमान्यांना मात्र वखारीतून पिशवीने आणलेला कोळसा आठवत असेल.

चांगल्या, कोरड्या लाकडी कोळशात किलोमागे सुमारे २९ मेगाज्यूल उष्णता असते. बंबाची रचना मुळात हुशार आहे. विस्तव मधल्या नळीत आणि पाणी त्याच्या भोवती, त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते. तरी बरीचशी नळीतून वर निघून जातेच. बंबाला उदारपणे ४० टक्के कार्यक्षमता दिली, तर रोज ५८० ग्रॅम आणि महिन्याला १७ किलोहून थोडा जास्त कोळसा लागतो.

आता ४४० रुपयांना १७.३ ने भागा. उत्तर येतं २५ रुपये. कोळसा किलोला २५ रुपयांपेक्षा स्वस्त मिळाला तरच गॅसपेक्षा काही वाचेल. तंदूर लावणारी हॉटेलं आणि इस्त्रीवाले ज्या बाजारात गिऱ्हाईक आहेत, तिथे किरकोळीत त्या भावाने चांगला कोळसा मिळणं कठीण. उज्ज्वलाच्या घराला तर तो साधारण १६ रुपयांच्या आत मिळायला हवा. थोडक्यात, पैसे मोजून आणलेला कोळसा बंबात घालणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

भाव बदलत राहतात, म्हणून एक सोपी रीत. आपल्या पावतीवरची सिलिंडरची किंमत ३४ ने भागायची. येईल तो कोळशाचा परवडणारा भाव. तीच किंमत ८७ ने भागली की लाकडाचा भाव मिळतो.

लाकडाचं गणित वेगळं का?

वाळलेल्या लाकडात किलोमागे १५ मेगाज्यूल धरले आणि बंबाची कार्यक्षमता ३० टक्के, तर महिन्याला ४५ किलो लाकूड लागतं. म्हणजे १० रुपये किलोच्या आत विकत घेतलं तरी परवडतं, आणि परसातलं असेल तर रोकड जवळजवळ पूर्ण वाचते. नारळाच्या करवंट्या, सोडणं, आंब्याच्या वाळल्या फांद्या, तुटक्या वाशाचे तुकडे अशा जिनसांवर कोकणातल्या कितीतरी न्हाण्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर याच्या दुप्पट जळण लागू शकतं. बंब टिकून राहिला तो यामुळेच.

अडचण आहे पावसाची. या पट्ट्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस सहज पडतो. निम्मं वजन पाण्याचंच असलेल्या ओल्या लाकडातून जेमतेम आठ मेगाज्यूल मिळतात. जळण दुप्पट लागतं आणि धूर कितीतरी जास्त होतो. त्यामुळे चार महिन्यांचं १८० किलो कोरडं लाकूड आगोटीच्या वेळीच पडवीत रचलेलं असायला हवं. ते तोडणं, वाहणं, फोडणं, रचणं या कामाला हिशेबात शून्य रुपये धरले जातात, कारण ते बहुधा घरातली बाई करते. त्याची मजुरी लावली की वाचलेले ४४० रुपये झपाट्याने कमी होतात.

कोळशाच्या पोत्यामागे किती झाडं?

कोळसा हेही लाकूडच, फक्त त्यातला मोठा हिस्सा भट्टीत आधीच जाळून टाकलेलं. पारंपरिक मातीच्या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण चार ते सहा किलो लाकूड लागतं. म्हणजे महिन्याच्या १७ किलो कोळशामागे ७० ते १०० किलो लाकूड. तेच लाकूड थेट बंबात घातलं असतं तर ४५ किलोंत भागलं असतं. कोळसा जळताना धूर कमी दिसतो, पण तो धूर आधीच कुठल्यातरी माळावर निघून गेलेला असतो.

आणि त्या भट्टीवर कोण असतं, हे रायगडमध्ये वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस संपला की जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, अनेकदा आधी घेतलेल्या उचलीच्या बदल्यात. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ पासून आहे, तरी उचलीचा हिशेब फिटत नाही अशा तक्रारी थांबलेल्या नाहीत. स्वस्त कोळसा स्वस्त का असतो, त्याचं एक उत्तर इथे मिळतं.

युरोपात लोक कोळशाकडे का वळले?

व्हिडिओंचा उगम समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपात गॅसचे भाव भडकले. पोलंडमध्ये लाखो घरं कोळशावरच तापतात. रशियाच्या कोळशावर बंदी आल्यावर तिथे खाणीबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि सरकारला कुटुंबामागे तीन हजार झ्लॉटींची मदत जाहीर करावी लागली. उलट इंग्लंडने घरगुती साध्या कोळशाची विक्री मे २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली, कारण धुरातले सूक्ष्म कण. तिकडे हिवाळाभर अख्खं घर उबदार ठेवायचं असतं आणि शेगडीला छतातून बाहेर जाणारी धुराची नळी असते. आपल्याकडच्या घमेल्यातल्या निखाऱ्यांना ती नसते. खरा धोका तिथेच आहे.

खोलीत शेगडी ठेवली तर काय होतं?

पोलादपुरात हिवाळ्यासाठी खोली तापवायची गरज फारशी पडत नाही. पण संततधार पावसात, भिंतींना ओल आलेली असताना, दोन वेळा निखारे घरात येतात. एक, कपडे वाळवायला. दुसरी वेळ जास्त नाजूक : बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी शेगडी ठेवतात. गार वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, फटींत फडकी कोंबलेली, आणि आत आई व काही दिवसांचं बाळ.

निखाऱ्यांना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. धूर संपून निखारे छान लाल झाले की शेगडी ‘निर्धोक’ झाली, असा समज आहे. तो उलटा आहे. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस निदान दार तरी उघडतो, या वायूची चाहूलच लागत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, सुस्ती ही सुरुवातीची लक्षणं. घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना ती एकदम जाणवली तर पित्त किंवा जागरण समजून झोपू नये. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामण इथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत मृत्यू पावले. थंडीसाठी आत गॅस हीटर लावलेला होता. इंधन कोळसा असो वा गॅस, बंद खोलीत धोका तोच. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरच्या दुर्घटनाही याच प्रकारच्या.

करोनाकाळापासून अनेक घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन प्राणवायूचं समजतं आणि माणूस अत्यवस्थ असतानाही ९८ दाखवू शकतं. शंका आली की आधी माणसांना मोकळ्या हवेत आणायचं, मग १०८ वर फोन करायचा आणि ‘खोलीत शेगडी होती’ हे आठवणीने सांगायचं. उपचार प्राणवायूचा असतो आणि तो लवकर सुरू व्हावा लागतो. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. खोलीत निखारे ठेवण्याचं कारण उरत नाही.

बंब पेटवायचाच असेल तर?

लाकूड परसातलं आहे, कोरडं आहे आणि सिलिंडर पुरवून वापरायचा आहे, अशा घराला बंब उपयोगीच आहे. फक्त त्याची जागा पडवीच्या उघड्या बाजूला किंवा अंगणात पत्र्याखाली हवी. न्हाणीघराच्या आत तो नकोच. जळत्या चुलींच्या धुरासह घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०१९ या एका वर्षात देशात सुमारे सहा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. धूर बाहेर राहील एवढी तजवीज पत्र्याच्या शेडइतक्या खर्चात होते.

पेटवण्याआधी बंब पाण्याने भरलेला आहे ना, हे बघावं. रिकाम्या बंबाखाली विस्तव गेला तर सांध्यांचा डाख वितळतो आणि दुरुस्तीत महिनाभराची बचत जाते. काजूची टरफलं हाताशी असली तरी घालू नयेत. त्यातल्या तेलाने कातडी भाजते आणि त्याचा धूर डोळ्यांना व घशाला बाधतो. रंग दिलेलं लाकूड आणि प्लास्टिकही नको.

आणि पाणी उकळेपर्यंत तापवून मग त्यात गार ओतायची सवय सोडावी. पाणी जितकं जास्त तापतं, तितकी उष्णता बंबाच्या अंगावरून आणि वाफेतून हवेत जाते. हात घालवेल इतकं तापलं की पुढची फांदी आत सारायची नाही.