सायकलीवरील चिमुकला कॅमेरा

आमच्या शाळेंत सायकलीनें येणाऱ्या मुलामुलींस रोज काय काय ओलांडून यावें लागतें, हें राहात्यांतील पालकांस ऐकून ठाऊक असतें. पाहून ठाऊक असतें असें नाहीं. नगर-मनमाड रस्ता गांवांतूनच जातो. शिर्डीस निघालेल्या मोटारी, पायीं चाललेल्या पालख्या, आणि उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, या सर्वांच्या कडेकडेनें आमचे विद्यार्थी चाललेले असतात. गेल्या हंगामांत आम्हीं आपल्या सायकलीस एक स्वस्तांतला चिमुकला कॅमेरा बांधला आणि तीन महिने जातां-येतां चित्रें घेतलीं. त्यांतून जें शिकलों, तें विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों.

चलच्चित्र घेणें ही एके काळीं श्रीमंती हौस होती. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला व १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्र घेतलें. ती फीत धुण्यासाठीं पुन्हां विलायतेस धाडावी लागली. खेळतां-धांवतां अंगावर बाळगावयाचा कॅमेरा त्यानंतर शंभर वर्षांनीं आला. निक वुडमन या अमेरिकन तरुणास समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा नाद होता. त्यानें २००४ सालीं मनगटास बांधण्याजोगा ‘गोप्रो’ कॅमेरा विकावयास काढला. त्यांतहि प्रथम साधी फीतच होती. पुढें फीत गेली, मेमरी कार्ड आलें, आणि किल्लीच्या जुडग्यांत अडकवितां येतील इतक्या लहान कॅमेऱ्यांचा बाजारांत सुळसुळाट झाला. आम्हीं घेतलेला दीड हजार रुपयांचा कॅमेरा याच कुळींतला.

त्याच्या डबीवर ‘फोर के’ असें ठळक छापलेलें होतें. त्या मापाच्या एका चित्रांत सुमारें ८३ लक्ष बिंदू असावे लागतात. स्वस्त कॅमेऱ्यांच्या आंतील प्रकाशग्राही पट्टींत पुष्कळदां वीस लक्षांच्या आसपासच बिंदू असतात. उरलेले यंत्र शेजारचे बिंदू पाहून अंदाजानें भरतें. दुधांत पाणी घातल्यानें भांडें भरतें खरें, पण आमच्या भागांतील दूधवाल्यांस त्याचें नांव सांगावयास नको. यास्तव आम्हीं तो आंकडा सोडून १९२० गुणिले १०८० याच मापावर कॅमेरा लावून ठेविला.

डिसेंबरांतील एके दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्यापुढें सायकलीवर चाललेल्या एका विद्यार्थ्यास ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाचा झोला बसला व तो रस्त्याच्या कडेस पडला. मनगटाचें हाड चिरकलें. ट्रॅक्टरवर गाणीं मोठ्यानें वाजत होतीं. तो तसाच पुढें गेला. कॅमेरा चालूच होता. रात्रीं मुलाच्या घरीं दहा-बारा मंडळी जमली आणि आम्हीं मोठ्या विश्वासानें तें चित्र लाविलें. ट्रॉली दिसली, ऊस दिसला, मूल पडतांना दिसलें. नंबरप्लेट मात्र कोणासहि वाचतां आली नाहीं.

असें कां व्हावें, याचा हिशेब नववीच्या विद्यार्थ्यासहि करतां येईल. या कॅमेऱ्यांचें भिंग फार रुंद असतें. तें १२० अंशांचा देखावा १९२० बिंदूंत बसवितें, म्हणजे एका अंशाच्या वांट्यास १६ बिंदू आले. पन्नास सेंटिमीटर रुंदीची पाटी दहा मीटरांवरून सुमारें तीन अंश दिसते. तिला ४८ बिंदूहि मिळत नाहींत. त्यांत दहा अक्षरें व आंकडे बसवावयाचे. प्रत्येकास पांच बिंदूहि येत नाहींत, मग ३ कोणता आणि ८ कोणता हें कसें कळावें? तीच पाटी चार मीटरांवर असती, तर शंभरावर बिंदू मिळून ती वाचतां आली असती.

ट्रॉली तितकी जवळून गेली नव्हती काय? गेली होती. परंतु त्याच क्षणीं आम्हीं ब्रेक दाबला व सायकल डांबरावरून खालीं उतरली. येथें दुसरा दोष आडवा आला. कॅमेरा सबंध चित्र एकदम टिपीत नाहीं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचीत जातो. शिक्षक पहिल्या बांकापासून हजेरी घेऊं लागले आणि मागील मुलांनीं मध्येंच जागा बदलल्या, तर हजेरीपटाची जी गत होईल, तीच या चित्राची होते. खांब वांकडे दिसतात, रस्ता लापशीसारखा हालतो. शिवाय उजेड कमी झाला कीं कॅमेरा प्रत्येक चित्रास अधिक वेळ घेतो. सेकंदाचा तिसावा भाग फार थोडा वाटतो. पण तासीं वीस किलोमीटर अधिक वेगानें पुढें जाणारें वाहन तेवढ्यांत अठरा सेंटिमीटर सरकतें, आणि पाटीवरील अक्षरें एकमेकांत मिसळतात.

हा हादरा कमी करण्याचे उपाय साधे आहेत. कॅमेरा लांब दांडीवर बसवूं नये. दांडी जितकी लांब, तितका धक्का मोठा. हँडलच्या मध्याशीं, जुन्या ट्यूबचा तुकडा खालीं घालून, घट्ट आवळावा. छातीवरील पट्ट्यांत तो याहूनहि स्थिर राहतो, कारण आपले कोपर व कंबर हींच उत्तम स्प्रिंगें होत. परंतु सर्वांत मोठी युक्ति फुकटची आहे: नंबर दिसतांच तो मोठ्यानें उच्चारावा. डोळ्यास जें वाचतां येतें तें या भिंगास येत नाहीं. कान मात्र त्याचे बरे असतात. वाऱ्याचा घोंघाट टाळण्यास आवाजाच्या छिद्रावर स्पंजाचा पातळ तुकडा चिकटविला म्हणजे झालें.

त्या रात्रीं आणखी एक गोष्ट कोणीतरी दाखविली. चित्राच्या कोपऱ्यांत तारीख होती १ जानेवारी २०१७! बॅटरी पार उतरली कीं असले कॅमेरे आपल्या मूळ तारखेवर परत जातात. चित्रास पुरावा म्हणावयाचें तर अशा चुका नडतात. जालना विधानसभेच्या २०१४ सालच्या निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्ज किती वाजतां दाखल झाला यावर होता, आणि निवडणूक कचेरींतील चित्रीकरण त्यांत पुढें आलें. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०२० सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, चित्रीकरणाची नक्कल दाखल करावयाची तर कायद्यांतील प्रमाणपत्र जोडलेंच पाहिजे. मूळ यंत्रच मालकानें साक्षीस येऊन हजर केलें तर त्याची गरज नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयें त्या प्रमाणपत्रांत ‘हॅश’ नांवाचा आंकडाहि लिहावा लागतो. तो सबंध फाइलीवरून गणितानें काढलेला असतो. फाइलींत तिळाएवढा फरक केला तरी आंकडा बदलतो. तेव्हां अपघाताच्या चित्रास कात्री लावूं नये, वर गाणें घालूं नये, कार्डच काढून जपून ठेवावें. तें तसेंच चालू ठेविलें तर तासास सुमारें ७ गिगाबाइट भरत जाऊन, जागा संपली कीं नवें चित्र जुन्यावर चढतें.

नंबराच्या आशेनें आम्हीं तें चित्र पुढें आठ-दहा वेळां पाहिलें. अखेर डोळे मिटून नुसता आवाज ऐकिला. त्या गडबडींत आपण नंबर उच्चारला असेल तर, असें वाटलें. नंबर नव्हता. ट्रॉली येण्यापूर्वीं दोन सेकंद आमचाच आवाज होता. आम्हीं त्या मुलास मागून हांक मारिली होती, वह्या आणल्यास काय म्हणून. पुन्हां डोळे उघडून पाहिलें, तों हांकेसरशीं त्यानें मान वळविलेली व त्याचें हँडल उजवीकडे गेलेलें स्पष्ट दिसलें. ट्रॉलीचा भार बाहेर आलेला होता हें खरेंच. पण तीन आठवडे आम्ही सर्वांस एवढेंच सांगत होतों.

दुसऱ्या दिवशीं मुलाच्या घरीं जाऊन आम्हीं तो भाग त्याच्या वडिलांस ऐकविला. त्यांनीं तो दोनदां ऐकिला, कांहीं वेळ गप्प राहिले, आणि मग सायकलीस मागें लावावयाचा तांबडा रिफ्लेक्टर कोठें चांगला मिळतो, एवढेंच विचारिलें.