रुग्णालयाची राखण

मनुष्य निरोगी असतो तेव्हा आपल्या देहाचे रक्षण तो स्वतःच करीत असतो. धूर दिसला की तो दूर होतो, वाट निसरडी असली की जपून पाऊल टाकतो, नासलेले अन्न बाजूला सारतो. आजारी पडल्यावर मात्र हे सामर्थ्य त्याच्यापाशी उरत नाही. ज्याला गुंगीचे औषध दिले आहे, त्याला आपल्या देहावर काय उपचार चालले आहेत याची जाणीव नसते. तान्ह्या मुलाला तर आपले नावही सांगता येत नाही. अशा वेळी रुग्ण आपला देह सर्वस्वी दुसऱ्यांच्या हाती सोपवीत असतो. म्हणून रुग्णालयात रोग बरा करणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच रुग्णाला नवा अपाय होऊ न देणे हेही महत्त्वाचे असते.

हा अपाय पुष्कळदा न दिसणारा असतो. सन 1846 मध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर काम करू लागला. तेथील सूतिकागृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभर मातांपैकी अकरांहून अधिक माता मरण पावल्या. दुसऱ्यात हे प्रमाण तिनांहूनही कमी होते. पहिल्या विभागात जाण्याचे स्त्रियांना एवढे भय वाटे की, आपणांस तेथे पाठवू नये म्हणून त्या काकुळतीने विनवीत.

सेमेलवाइसने पुष्कळ कारणे शोधून पाहिली. पण त्याचे समाधान होईना. पुढे 1847 च्या मार्चमध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरीची जखम होऊन दगावला. त्याच्या देहावरील लक्षणे त्या मातांच्या आजारासारखीच होती. तेव्हा सेमेलवाइसच्या मनात प्रकाश पडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येत. सुइणींचा मात्र शवविच्छेदनाशी काही संबंध नसे. मृत्यू या हातांवरूनच येत होता! मे महिन्यापासून त्याने प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत, असा नियम घातला. 1848 साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शंभरात सुमारे एकावर आले.

तथापि आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे मान्य करणे अनेक डॉक्टरांना जड गेले. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते. उपेक्षा सोशीत सेमेलवाइस 1865 च्या ऑगस्टमध्ये वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर याने कार्बॉलिक अॅसिड लावून एका मुलाच्या पायाची जखम सडू दिली नाही. आज प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे, हा सर्व जगातील रुग्णालयांचा पहिला नियम ठरला आहे.

दुसरा धोका विसराळूपणाचा. मनुष्य कितीही कुशल असला, तरी घाईत व थकव्यात त्याच्या हातून चूक होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 बाबींची एक यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया योग्य जागीच होत आहे ना, वापरलेल्या सुया व कापसाच्या घड्या मोजून पुऱ्या भरल्या ना, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारून त्यांची उत्तरे घ्यावयाची, एवढेच तिचे स्वरूप. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांनी ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले. या यादीत नवी विद्या काहीच नव्हती. ठाऊक असलेली गोष्ट न चुकता करण्याची शिस्त मात्र होती.

तिसरा धोका अग्नीचा. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणास तो फार साहाय्य करतो. जेथे त्याचे प्रमाण वाढलेले असते, तेथे लहानशी ठिणगीही क्षणात भडकते. आणि ज्वाळांच्या आधी धूरच माणसाला गुदमरवितो. 9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. तेथील सतरा बालकांपैकी सात वाचविता आली. दहा बालके दगावली. त्यांना उठून पळता येत नव्हते, हाकही मारता येत नव्हती. यासाठीच विजेच्या तारांची वेळोवेळी तपासणी, अग्निशामक साधनांची सज्जता, मोकळे ठेवलेले मार्ग आणि आग लागल्यास कोणी काय करावे याचा सराव, या गोष्टी रुग्णालयात औषधांइतक्याच आवश्यक होत.

रुग्णालयातील कचराही धोकादायक असतो. वापरलेली सुई टोचली, तर रोग एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. म्हणून 2016 च्या नियमांप्रमाणे सुयांसारख्या धारदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात. मळलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, तर काच निळ्या खुणेच्या डब्यात जाते.

शेवटी, जे रुग्णांचे रक्षण करतात त्यांचेही रक्षण झाले पाहिजे. आपले माणूस दगावले की दुःखाच्या भरात नातेवाईक डॉक्टर व परिचारिका यांच्यावर धावून जातात. अशा वेळी शेजारच्या खाटेवरील रुग्णाची शुश्रूषा थांबते, आणि एका घरावर कोसळलेले संकट दुसऱ्या घराच्या दाराशी येते. महाराष्ट्राने 2010 मध्ये अशा हिंसेविरुद्ध कायदा केला असून तीत तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. परंतु कायद्याहून समंजसपणा अधिक उपयोगी. शंका असेल तर ती शांतपणे विचारण्याचा, उपचारांची माहिती मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहेच.

भेटीला जाणाऱ्यांवरही या राखणीचा वाटा येतो. नेमलेल्या वेळीच जावे, खाटेभोवती गर्दी करू नये, सर्दी-खोकला असेल तर जाणे टाळावे, जिन्यात वा वाटेत सामान ठेवू नये, आणि रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुवावेत. या गोष्टी दिसावयास क्षुल्लक खऱ्या. पण व्हिएन्नातील शेकडो मातांचे प्राण अशाच एका क्षुल्लक गोष्टीने वाचले होते.