कोळंबीचा डोळा कापू नका!

शेततळ्यात किंवा गावतळ्यात गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी सोडणारे काहीजण हल्ली एक प्रश्न विचारतात. बीजोत्पादन केंद्रात मादीचा एक डोळा काढतात म्हणे, मग आपणही काढला तर माल लवकर वाढेल का?

आधी डोळा नीट पाहा. तो बारीक देठावर बसलेला असतो. त्या देठात चेतापेशींचा एक पुंजका असतो, त्याला एक्स-अवयव म्हणतात. तिथे तयार झालेली संप्रेरके शेजारच्या सायनस ग्रंथीत साठतात आणि गरजेप्रमाणे रक्तात उतरतात. त्यांतले एक कात टाकण्याला आवर घालते, दुसरे अंडाशयाच्या वाढीला. बैलाची वेसणच समजा. १९४३ साली पानूझ या फ्रेंच संशोधकाने दाखवले की, देठ काढला की कोळंबीचे अंडाशय झपाट्याने भरते. वाघ्या कोळंबीची मादी टाकीत सहजी पिकत नाही, म्हणून केंद्रात तिचा एकच देठ काढतात. जंबोची मादी मात्र डोळे शाबूत असतानाच अंडी धरते. तेव्हा तिला हा जाच कशाला?

आता तळ्यातली गोष्ट. वेसण सुटली की कात लवकर पडते हे खरे, पण कात टाकलेली कोळंबी लोण्यासारखी मऊ असते. पळता येत नाही, नांगी चालत नाही. भोवतालच्या तिच्याच भावंडांना आयती मेजवानी! शिवाय जखमेतून रोग शिरतो तो वेगळाच. म्हणजे वाढ राहिली बाजूला, मालच घटायचा.

त्यापेक्षा कात टाकणारीला आडोसा द्या. फुटकी कौले, पाइपचे तुकडे, वाळलेल्या झावळ्या तळाशी टाका. ओल्या झावळ्या नकोत, त्या कुजून पाण्यातला प्राणवायू खातात. कातीच्या आधी कोळंबी खाणे कमी करते. परडीत खाद्य उरलेले दिसले तर त्या दिवशी हात आखडता घ्या, नाहीतर पैसे चिखलात गेले म्हणून समजा. नवे कवच टणक व्हायला चुना लागतो, पण पाणी तपासल्याशिवाय पोती ओतू नका.

ग्रामपंचायतीने गावतळे ठेक्याने देताना आडोशाची अट करारात घालावी. आणि पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी पावसाळ्यात नदीत सापडली, तर ती सोडून द्यावी. ती खाडीकडे निघालेली असते, कारण तिची पिल्ले निमखाऱ्या पाण्यातच वाढतात.