अवरक्त स्पंदापासून क्ष-किरण

प्रकाशकणाची ऊर्जा त्याच्या तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. यास्तव क्ष-किरणांसारखा ऊर्जावान प्रकाश निर्माण करावयाचा झाल्यास आरंभीचा प्रकाशही शक्य तितक्या आखूड तरंगलांबीचा असावा, असे अनुमान सहजच निघते. अतिह्रस्व लेसर-स्पंदांच्या अरेषीय प्रकाशशास्त्रात मात्र अनुभव याच्या नेमका उलट आला आहे. आरंभीचा प्रकाश जितका अधिक अवरक्ताकडे झुकलेला, तितके त्यापासून मिळणारे किरण अधिक ऊर्जावान असतात. हा विरोध कसा उद्भवतो आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सौम्य प्रकाशात पदार्थाचे ध्रुवीकरण विद्युत्क्षेत्राच्या सम प्रमाणात असते. प्रकाश अतितीव्र झाला की हे प्रमाण सुटते व मूळ कंप्रतेच्या पूर्णांकी पटीतील कंप्रतेचे तरंग, म्हणजेच हरात्मक, उत्पन्न होतात. १९६१ मध्ये फ्रँकन व त्यांचे सहकारी यांनी मिशिगन विद्यापीठात माणिक-लेसरचा ६९४·३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून नेला, तेव्हा त्यांना ३४७·२ नॅनोमीटरचा दुसरा हरात्मक आढळला. अशा प्रयोगांत प्रत्येक पुढचा हरात्मक मागच्यापेक्षा झपाट्याने क्षीण होत जातो. परंतु १९८८ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथील संशोधकांनी १·०६४ मायक्रॉनचा अवरक्त स्पंद आर्गॉन वायूवर केंद्रित केला असता हरात्मकांची मालिका तेहेतिसाव्यापर्यंत पोचली. शिवाय मधल्या अनेक हरात्मकांची तीव्रता जवळजवळ सारखीच राहून मालिका शेवटी एकाएकी तुटत होती. जुन्या उपपत्तीने या सपाट प्रदेशाचा उलगडा होत नव्हता.

तो उलगडा १९९३ मध्ये कॉर्कम यांनी मांडलेल्या त्रिपदी चित्राने झाला. त्याच सुमारास कुलँडर व त्यांचे सहकारीही अशाच निष्कर्षाप्रत आले होते. पहिल्या पदात लेसरचे विद्युत्क्षेत्र अणूचे बंधन इतके वाकविते की बोगदा-परिणामाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. दुसऱ्या पदात तो क्षेत्राच्या ओढीने दूर जातो आणि क्षेत्राची दिशा पालटताच वेग घेऊन परत फिरतो. तिसऱ्या पदात तो आपल्या आयनाशी पुन्हा संयोग पावतो व मिळविलेली सर्व ऊर्जा एकाच प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकतो. ही क्रिया दर अर्ध्या आवर्तनास घडत असल्यामुळे वायूमध्ये केवळ विषम हरात्मक दिसतात.

अवरक्ताचे महत्त्व या दुसऱ्या पदात आहे. तरंगलांबी वाढली की क्षेत्राचे आवर्तन लांबते आणि इलेक्ट्रॉनास वेग घेण्यास अधिक अवधी मिळतो. दोलायमान क्षेत्रात मुक्त इलेक्ट्रॉनाची जी सरासरी दोलन-ऊर्जा असते, ती प्रकाशाच्या तीव्रतेच्या आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परतणाऱ्या इलेक्ट्रॉनाची कमाल ऊर्जा तिच्या ३·१७ पट असते. तीत अणूची आयनीभवन-ऊर्जा मिळविली म्हणजे मालिकेची मर्यादा निघते. उदाहरणार्थ, दर चौरस सेंटिमीटरला ३ लाख अब्ज वॅट इतकी तीव्रता धरून हेलियमसाठी गणित केल्यास ०·८ मायक्रॉनच्या प्रकाशास ही मर्यादा सुमारे ८१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. तीव्रता तीच ठेवून तरंगलांबी ३·९ मायक्रॉन केली की ती सुमारे १,३७० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. तीव्रता वाढवूनही मर्यादा वाढविता येईल, असा आक्षेप येथे संभवतो. तथापि तसे केल्यास स्पंदाचा शिखरबिंदू येण्यापूर्वीच सर्व अणू आयनीभूत होऊन जातात. स्पंद अतिह्रस्व असावा लागतो तोही याच कारणास्तव.

आता किमतीचा प्रश्न. प्रवास लांबला की इलेक्ट्रॉनाचा तरंगपुंज तिन्ही दिशांना पसरतो, आणि त्याची आयनाशी पुन्हा गाठ पडण्याची शक्यता तरंगलांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. जो प्रकाश निघतो तोही तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात रुंदावलेल्या वर्णपटात विभागला जातो. या दोहोंमुळे ठराविक ऊर्जापट्ट्यातील एका अणूचे उत्पादन तरंगलांबीच्या पाचव्या ते सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते. तरंगलांबी सुमारे पाचपट वाढविताच ते काही हजारपटींनी कमी होते. या हिशेबाने अवरक्ताचा मार्ग निष्फळच ठरावयास हवा होता.

तो तसा ठरला नाही, याचे श्रेय असंख्य अणूंच्या सहकार्यास आहे. सर्व अणूंनी सोडलेले तरंग एकाच कलेत असले तर ते परस्परांस बळकटी देतात. त्यासाठी मूळ प्रकाश व हरात्मक यांचा कलावेग समान असला पाहिजे. तटस्थ अणू मूळ प्रकाशाचा कलावेग कमी करतात, तर मुक्त इलेक्ट्रॉन तो वाढवितात. आयनीभवन पुरेसे अल्प ठेवल्यास हे दोन परिणाम तोलून धरता येतात. शिवाय उच्च ऊर्जेच्या किरणांना हेलियम बराच पारदर्शक असतो. त्यामुळे वायूचा दाब व मार्गाची लांबी वाढवून एका अणूचा तोटा पुष्कळ अंशी भरून काढता येतो.

या प्रयोगांना लागणारा ३·९ मायक्रॉनचा तीव्र स्पंदही अरेषीय प्रक्रियेतूनच मिळतो. स्फटिकात १·०६४ मायक्रॉनच्या एका प्रकाशकणाचे विभाजन होऊन १·४६ व ३·९ मायक्रॉनचे दोन प्रकाशकण निर्माण होतात. व्हिएन्ना येथे सिद्ध झालेल्या अशा लेसरच्या साहाय्याने, अमेरिकेतील बोल्डरच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उच्च दाबाच्या हेलियमने भरलेल्या पोकळ नलिकेत १,६०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचा प्रकाश निर्माण केला. मूळ प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम ०·३२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. अर्थात मालिका पाच हजारांच्या पलीकडे गेली होती.

या मार्गाचे व्यावहारिक फल मुख्यतः २८४ ते ५४३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरम्यान आहे. या पट्ट्यात कार्बन किरण शोषून घेतो व पाणी त्यांना बरेचसे वाट देते. म्हणून ओल्या अवस्थेतील सेंद्रिय रेणूंचे निरीक्षण येथे शक्य होते. वर्णपटाच्या रुंदीमुळे स्पंदही अत्यल्पकालिक होऊ शकतात. २०१७ मध्ये झुरिक येथे सुमारे १·८ मायक्रॉनच्या स्पंदापासून ४३ ॲटोसेकंदांचा स्पंद मिळविण्यात आला. ॲटोसेकंद-स्पंदांच्या प्रायोगिक पद्धतींसाठी २०२३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक अगोस्तिनी, क्राउझ व लुइलिए यांना देण्यात आले.

तथापि मालिकेची मर्यादा हे यशाचे एकमेव माप नव्हे. रेणूतील बदल टिपावयाचे तर नमुन्यावर पुरेसे प्रकाशकण पडले पाहिजेत, आणि तरंगलांबी जसजशी वाढते तसतशी ही अट अधिकाधिक कठीण होत जाते. म्हणून कोणत्याही प्रयोगासाठी सर्वांत लांब तरंगलांबी नव्हे, तर इष्ट ऊर्जेस जेमतेम पुरेल इतकीच तरंगलांबी निवडणे श्रेयस्कर होय.