वनोपजातील शाई

फाल्गुनात वरोऱ्याहून चिमूरकडे जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टी पळसाच्या केशरी फुलोऱ्यावर खिळते आणि या रानाचा रंग तो हाच, अशी त्याची खात्री होते. परंतु ज्याच्या सुरकुतलेल्या, तुरट फळाकडे औषधापलीकडे सहसा कोणी वळून पाहत नाही, त्या हिरड्याच्या अंगी लेखनाच्या कामी जो गुण आहे, तो पळसाच्या साऱ्या वैभवात नाही.

सुकलेल्या हिरड्याच्या सालीत टॅनिन नावाचे द्रव्य विपुल असते. ही साल भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी, मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पाणी निम्मे होईपर्यंत आटवावी व फडक्यातून गाळून घ्यावी, म्हणजे पिवळसर तपकिरी काढा हाती येतो. त्यात पाण्यात विरघळवलेला हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, थेंबाथेंबाने सोडला की काढा डोळ्यांदेखत काळवंडू लागतो. शेवटी बाभळीचा किंवा आपल्या रानातल्या धावड्याचा डिंक मिसळावा, म्हणजे शाईला दाटपणा येऊन ती कागदावर फुटत नाही. बोरूने ओढलेली रेघ प्रथम फिकी, करडी दिसते, आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होत जाईल तसतशी ती गडद काळी होते. कारण लोह आणि टॅनिन यांचे संयुग या क्रियेने अविद्राव्य बनून कागदाच्या तंतूंत रुतून बसते. युरोपातील कचेऱ्यांनी आणि मठांनी हेच रसायन ओक वृक्षावरील मायफळांपासून शतकानुशतके सिद्ध केले. तेथे रूढ असलेले एक प्रमाण तीन भाग मायफळ, एक भाग हिराकस व एक भाग डिंक असे होते. हिरड्याच्या शाईचा आरंभही याच प्रमाणापासून करावा. हिराकसाचा अतिरेक मात्र करू नये, कारण त्यातील आम्लाने कागद कालांतराने ठिसूळ होऊन अक्षराच्या रेघेवरच तुटतो.

या बाबतीत आपली जुनी काजळी शाई अधिक निर्धोक. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटून केलेल्या शाईत कागदाला खाणारे काही नसते आणि काजळीतला कार्बन उन्हानेही विटत नाही. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे मोडी कागद आजही वाचता येतात, याचे श्रेय कारकुनांच्या वळणाइतकेच त्या काळ्या शाईलाही द्यावयास हवे.

याच जंगलातील बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर लावला असता कापडावर धुण्याने न जाणारी काळी खूण उठते, म्हणून परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो वापरीत. परंतु हा रस कातडीवर उततो, फोड आणतो, सबब मुलांच्या हाती तो कदापि देऊ नये.

स्वयंपाकघरातील रंग मनोहर खरे, पण टिकाऊपणात एकाच दर्जाचे नाहीत. कांद्याच्या टरफलांचा सोनेरी तपकिरी आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग तुरटीच्या साह्याने बराच तग धरतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असल्याने हिराकसाने तिचीही काळसर शाई होते. हळद मात्र उन्हात झपाट्याने उडते आणि बीटाची लाली त्याहून अल्पायुषी. पळसाच्या फुलांच्या काढ्यात तुरटी विरघळवून धुण्याच्या सोड्याचे पाणी हळूहळू घातले, तर फेस ओसरल्यावर रंगीत साका तळाशी बसतो. तो गाळून, वाळवून, डिंकात खलला की चित्रासाठी रंगद्रव्य तयार होते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळून हात लाल करण्याचा खेळ येथील मुलांना ठाऊकच असतो. रसायनाचा पहिला पाठ तेथूनच सुरू करता येईल.

१८५६ साली रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग बनविला आणि पुढील काही दशकांत वनस्पतिजन्य रंगांचा व्यापार मोडला; मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईच्या पुड्या व वड्या काढल्या, तोवर घरी शाई घोटण्याची विद्या मागे पडू लागली होती. ती बाजारासाठी पुनरुज्जीवित व्हावी असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या वरोऱ्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापिलेल्या आनंदवनाने हातांच्या उद्योगाला प्रतिष्ठा दिली, तेथील शाळांतून तरी ती शिकविली जावी. हिरडा हिवाळ्यात पिकून गळतो. ताडोब्याच्या राखीव वनातून काही उचलू नये, गावच्या परवानगीने गावरानातून वेचावा किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून आणावा, आणि शिक्षकांनी या हिवाळ्यात एक दौत भरून पाहावी.