माळवद का गळते?

आमच्या घराच्या पुढच्या खोल्यांवर स्लॅब आहे, पण आजीच्या खोलीवर अजून मातीचे माळवद आहे. मागच्या पावसाळ्यात ते गळले. ज्वारीचं पोतं भिजलं आणि ज्वारीला मोड आले. आजी दोन दिवस नीट जेवली नाही.

बाबा म्हणाले, जिथे थेंब पडतो तिथेच भोक असते असे नाही. पाणी वर एकीकडे शिरते, लाकडावरून वाहत जाते आणि दुसरीकडेच टपकते. आमचे पाणी सवण्याजवळ शिरत होते. सवणे म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेले भोक. त्याचा काठ झिजून सपाट झाला होता. मग पाणी आत येणारच की!

गुरुजींनी हिशोब सांगितला. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. आजीची खोली १२ चौरस मीटर आहे. म्हणजे ५० मिलिमीटर पावसात ६०० लिटर! एवढे पाणी वर थांबले तर मुरणारच. म्हणून उतार पन्हाळाकडे पाहिजे.

यंदा मृगाच्या आधी आम्ही गवत मुळासकट उपटले, कारण मुळाच्या वाटेने पाणी उतरते. पांढरी माती टाकून चोपली. सवण्याचा काठ वीतभर उंच केला. मी विचारलं, शेतातली काळी माती का नाही? आजी म्हणाली, "ती भिजली की फुगते अन् वाळली की भेगाळते, बाळा."

पहिल्या पावसात माळवद गळले नाही. तरी आजीने पोतं खाटेवर ठेवलं आणि स्वतः खाली झोपली.